लॉरीचे सुकाणू

बंगळूर शहराच्या जुन्या बाजारपेठेला लागून कलासीपाळ्य नावाचा भाग आहे. मद्रासकडून, मंगळूरकडून आणि हुबळी-बेळगावमार्गे थेट पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या मालमोटारींचा हा अनेक पिढ्यांचा तळ. जवळच जयचामराजेंद्र रस्ता आहे. लोक त्याला जे. सी. रोड असे सुटसुटीत नावाने ओळखतात. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी तो साऱ्या दक्षिणेत प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी एखादी जुनी लॉरी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहते आणि चालक मेस्त्रीला एवढेच सांगतो, ‘स्टेरिंग जड झाले आहे.’ तक्रार तीन-चार शब्दांचीच असते. पण तिचे उत्तर शोधू जाता यंत्रविद्येचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास त्या लॉरीच्या पुढच्या दोन चाकांपाशी येऊन उभा राहतो.

त्या इतिहासाची सुरुवात घोडागाडीपासून होते. गाडी वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात. दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविली, तर त्यांपैकी एक रस्त्यावर घासत जाणार हे उघड आहे. म्यूनिखचा गाडी बांधणारा गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने १८१७ मध्ये यावर तोड काढली. आख्खा आस वळविण्याऐवजी प्रत्येक चाक आपापल्या खिळीभोवती वळावे आणि आतल्या चाकाने थोडे अधिक वळावे, अशी त्याची रचना होती. तिचे इंग्लंडमधील पेटंट पुढच्याच वर्षी रुडॉल्फ अकरमन याने घेतले आणि शोध एकाचा असूनही नाव दुसऱ्याचे झाले. आजही जगातील प्रत्येक लॉरीची पुढची चाके ‘अकरमन’च्या तत्त्वानेच वळतात. चाक ज्या खिळीभोवती फिरते तिला आपल्याकडील मेस्त्री ‘किंग पिन’ म्हणतात. तिची आठवण ठेवणे आवश्यक आहे, कारण या कथेत ती पुन्हा येणार आहे.

मोटार आली, तिच्यावरचा बोजा वाढला आणि माणसाच्या मनगटाची मर्यादा दिसू लागली. २०१८ पूर्वीच्या नियमांप्रमाणे दोन आसांच्या १६.२ टनी मालमोटारीच्या एकट्या पुढच्या आसावर ६ टनांचा भार चालत असे. उभ्या गाडीत हा भार रबरी टायर जमिनीवर दाबून धरतो आणि अशा स्थितीत चाक वळविणे म्हणजे ते जागच्या जागी घासणेच होय. यंत्रज्ञांनी जुनाच उपाय योजला : तरफ आणि दाते. हातातले चाक मोठे केले आणि स्टिअरिंगच्या पेटीतील दात्यांचे प्रमाण वाढविले. जोर कमी लागू लागला, पण त्याची किंमत फेऱ्यांच्या रूपाने चुकवावी लागली. घाटातील एका आखूड वळणावर चालकाला ते मोठे चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवावे लागे. त्या काळच्या लॉरीचालकांचे रुंद खांदे आणि पिळदार दंड पाहून लोक कौतुक करीत. परंतु ती कमाई तालमीतली नव्हती, ती घाटातली होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात येई.

अमेरिकेत हा प्रश्न फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अभियंत्याने मनावर घेतला. तो पीअर्स-ॲरो या कंपनीच्या मालमोटार विभागात कामाला होता. अवजड गाड्या वळविताना चालकांचे काय हाल होतात हे त्याने जवळून पाहिले होते. १९२२ मध्ये त्याने नोकरी सोडली, बोस्टनजवळील वॉल्थम गावी एक कर्मशाळा भाड्याने घेतली आणि जॉर्ज जेसप नावाच्या कुशल कारागिराच्या साहाय्याने प्रयोग आरंभिले. तेलाच्या दाबाने यंत्र हलविणे ही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. अडचण अशी होती की, नळ्यांमध्ये सतत मोठा दाब कोंडून ठेवला की सांधे गळू लागत. डेव्हिसने हा विचारच उलटा केला. तेल कोंडायचे नाही, ते पंपातून पेटीकडे आणि पेटीतून टाकीकडे मोकळे वाहू द्यायचे. चालकाने चाक फिरविले की तेवढ्यापुरती झडपेने वाट अरुंद व्हावी, दाब वाढावा आणि त्याने दट्ट्या ढकलला जावा. चाक सोडले की वाट पुन्हा मोकळी. या एका युक्तीवर पुढची सारी विद्या उभी राहिली. १९२६ पर्यंत त्याची गाडी मोठमोठ्या कारखानदारांना दाखविण्याजोगी झाली होती.

तथापि, शोध लागणे आणि तो लोकांच्या हाती पडणे यांत अंतर असते. जनरल मोटर्स कंपनीने डेव्हिसशी करार केला. पण १९३० नंतरच्या मंदीत तो बेत मागे पडला. दुसऱ्या महायुद्धात त्याची रचना चिलखती लष्करी गाड्यांवर चढली आणि तिची खरी कसोटी तेथे लागली. सर्वसामान्य बाजारात ती १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या ‘इंपीरियल’ मोटारीतून आली. मालमोटारीच्या चालकांचे कष्ट पाहून सुचलेली सोय प्रथम श्रीमंतांच्या मोटारीत बसली, हा योगायोग यंत्रांच्या इतिहासात अनेक वेळा आढळतो.

आता बंगळूरकडे वळू. या शहरात मोटारीचा कारखाना निघावा हे स्वप्न फार जुने आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटारनिर्मितीचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानात असा कारखाना काढण्याची योजना तयार केली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. म्हैसूर संस्थानाचीही सहकार्याची तयारी होती. परंतु तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारची अनुकूलता मिळाली नाही आणि बंगळूरची मोटार कागदावरच राहिली. वालचंदांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला उभारला तो विमानांचा कारखाना, हिंदुस्थान एअरक्राफ्ट. १९४२ मध्ये तो सरकारने आपल्या ताब्यात घेतला. मोटारीचा संकल्प त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून मुंबईत सिद्धीस नेला.

मोटारीचा कारखाना हुकला, तरी मोटारीची विद्या बंगळूरला आल्यावाचून राहिली नाही. युद्ध संपल्यावर विमानांचे काम ओसरले, तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी बसगाड्यांचे सांगाडे आणि रेल्वेचे डबे बांधले. १९५१ मध्ये डिझेल एंजिनाचे इंधनपंप बनविणारी मायको कंपनी येथे निघाली. १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आली. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहर येथे तुंगभद्रेकाठी लेथ बनविण्याचा आणि १९४६ मध्ये खुद्द बंगळूरला विजेच्या यंत्रांचा उद्योग उभारला. अशा कारखान्यांत शिकलेला कारागीर पुढे स्वतःची लहानशी कर्मशाळा काढतो, हे उद्योगनगरीत नेहमीच घडते. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत लहान गॅरेजांची विद्या वाढते ती अशीच.

त्या विद्येला काम पुरविले युद्धाने. सैन्याच्या निरुपयोगी ठरलेल्या शेकडो मालमोटारी लिलावात निघाल्या आणि व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या. त्यांची मूळची पेट्रोल एंजिने खर्चिक होती. ती काढून त्यांच्या जागी डिझेल एंजिने बसविण्याची रीत पडली. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने १९५० च्या दशकात पर्किन्स जातीची डिझेल एंजिने देशात बनविण्यास आरंभ केल्यावर हे अधिकच सोपे झाले. नव्या लॉऱ्याही पुष्कळदा पूर्ण अवस्थेत मिळत नसत. १९५४ नंतर जमशेदपूरहून आलेली टाटा-मर्सिडीज असो वा १९५५ नंतर एन्नोरहून आलेली अशोक लेलँड, गिऱ्हाइकाला मिळे ती केवळ चासी, एंजिन आणि चाके. चालकाची खोली व मालाचा हौदा सुतार-लोहार बांधीत. प्रत्येक लॉरी त्यामुळे वेगळी, मालकाच्या गरजेप्रमाणे आणि कारागिराच्या हाताप्रमाणे घडलेली असे. एकाचे एंजिन, दुसऱ्याचा गीअर बॉक्स आणि तिसऱ्याचा पुढचा आस अशा गाड्याही रस्त्यावर धावत.

या जुळवाजुळवीचा भार अखेर चालकाच्या हातांवर पडे. डिझेल एंजिन पेट्रोल एंजिनापेक्षा जड आणि ते बसते पुढच्या आसावर. स्टिअरिंगची पेटी मात्र जुन्या, हलक्या एंजिनाच्या हिशेबाने बनविलेली. म्हणजे मालकाची इंधनात बचत होई आणि तिची किंमत चालकाचे खांदे देत. तेलाच्या दाबाचे स्टिअरिंग आपल्या मालमोटारींत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून येऊ लागले. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे ते बनविणारा झेड. एफ. स्टिअरिंग गीअर हा कारखाना १९८१ मध्ये स्थापन झाला, आणि त्यापुढील दोन दशकांत ही सोय सर्वत्र पसरली. तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांनाही तिचा मोह पडला. मोडीत निघालेल्या नव्या गाडीची पेटी आणि पंप आणून जुन्या लॉरीवर चढविण्याचे काम गॅरेजांत होऊ लागले. अवघड दुखण्यांचा जन्म येथेच झाला.

कारखान्यात बनलेल्या गाडीत दोष म्हणजे एखादा भाग झिजलेला वा तुटलेला असतो. जुळविलेल्या गाडीत प्रत्येक भाग सुस्थितीत असूनही सारे मिळून रोगी असू शकतात, कारण त्यांचा मेळ कोणी पाहिलेला नसतो. मोठ्या पेटीला लहान पंप जोडला, तर सावकाश वळताना चाक हलके लागते आणि चटकन वळविताच जड होते. दट्ट्यामागची जागा भरण्यास तेल पुरत नाही. याउलट फाजील मोठा पंप बसविला, तर तेल व्यर्थ फिरून तापते. पंपाची पुली मोठी पडली, तर एंजिन मंद असताना पंप हळू फिरतो आणि नेमके गाडी उभी करताना चाक दगडासारखे होते. परतीची नळी अरुंद असली वा वाकवून चेपली गेली, तर तेल तुंबते व चाक सरळ होण्यास कुचराई करते.

म्हणून जाणता मेस्त्री पंपाला एकदम हात लावीत नाही. तो प्रथम टाकीचे झाकण उघडून तेल पाहतो. तेल कमी असेल तर ते गेले कोठे, हा पहिला प्रश्न. तेलावर फेस असेल, तर शोषणाच्या नळीतून हवा आत शिरते आहे. पंपाचा कण्हल्यासारखा आवाज त्याचीच साक्ष देतो. तेल कमी दिसते म्हणून ब्रेकचे तेल ओतण्याची चूक अनेकांनी केली आहे. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात. मग पट्टा. चाक वळविताच किंचाळणारा पट्टा सैल असतो आणि अर्धे दुखणे तेथेच सापडते.

त्यानंतरची कसोटी फार साधी पण मोलाची आहे. एंजिन बंद करून पुढचा आस जॅकवर उचलून पक्क्या टेकूवर ठेवतात आणि चाक हाताने फिरवून पाहतात. टायर जमिनीला टेकलेले नसताही चाक अडखळत असेल, तर पेटीपासून चाकांपर्यंतच्या सांध्यांत काही बिघडले आहे. पेटीपुढची ड्रॅग लिंक सोडविली की दोष अलीकडे आहे का पलीकडे, याचा निवाडा होतो. वंगणावाचून सुकलेली किंग पिन ही येथील नेहमीची आरोपी. तिच्या जडपणाचे खापर पंपावर फोडून कितीतरी चांगले पंप बदलले गेले आहेत.

चाक दोन्ही बाजूंना सारखेच जड असेल, तर संशय पंप, पट्टा, नळ्या आणि दाब सोडणारी झडप यांवर जातो. एकाच बाजूला जड असेल, तर पेटीतील झडप वा दट्ट्याचे सील तपासावे लागते, कारण पंपाला डावे-उजवे कळत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके लागत असेल, तर तेलाशी त्याचा काहीच संबंध नसतो. चालकाची खोली नव्याने बांधताना चाकाची दांडी सरकलेली असते आणि तिच्यातला फिरता सांधा फार तिरप्या कोनात काम करीत असतो. जुळविलेल्या लॉरीचे हे खास लक्षण होय. ते केवळ हाताला कळते.

एवढ्याने निर्णय झाला नाही, तरच दाबमापक लावतात. पंप व पेटी यांच्यामध्ये मापक आणि तोटी बसवून एंजिन चालू असताना तोटी क्षणभर बंद करतात. दाब पुरेसा चढला तर पंप निर्दोष, दोष पेटीत. न चढला तर पंप वा त्याची झडप दोषी. मात्र ही परीक्षा चार-पाच सेकंदांपेक्षा अधिक लांबवीत नाहीत. तसेच दाब सोडणारी झडप पंपातच आहे याची आधी खात्री करून घेतात, कारण काही रचनांत ती पेटीत असते आणि मग तोटी बंद करणे म्हणजे पंप फोडणेच ठरेल. हा दाब हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक असू शकतो. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, म्हणून गळती बोटाने कधीही चाचपू नये.

येथपर्यंत यंत्राचे दोष झाले. एक दोष मात्र यंत्राचा नाही, सवयीचा आहे, आणि तोच सर्वांत घातक ठरला. तेल महाग, पगार थोडा. म्हणून घाट उतरताना एंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची जुन्या चालकांची रीत होती. शिराडी घाटात ती होती, तशी खंबाटकीतही होती. हाताने वळणाऱ्या जुन्या लॉरीत ती धोक्याची होतीच, तरी चाकाचे वजन तरी पूर्वीइतकेच राही. तेलाच्या स्टिअरिंगच्या गाडीत एंजिन बंद पडताच पंप थांबतो. चाक आणि टायर यांचा सांधा तुटत नाही, गाडी वळू शकते. पण दाते कमी प्रमाणाचे असल्याने आणि पेटीतले तेलही हातानेच ढकलावे लागत असल्याने ते चाक जुन्या लॉरीच्या चाकाहूनही जड होते. एअर ब्रेक असतील, तर हवा भरणारे यंत्रही त्याच क्षणी थांबलेले असते. वडिलांनी शिकविलेली काटकसर मुलाच्या गाडीत अपघाताचे कारण होऊ शकते, ती अशी. नवे यंत्र जुन्या गाडीत बसविता येते. नवी सवय मात्र चालकालाच अंगी बाणवावी लागते आणि ती शिकविण्याची जबाबदारी यंत्र बसविणाऱ्यावर येते.

आता काळ पालटला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मालकाच्या मनास येईल तसे फेरफार करण्यावर बंधन घातले आहे. लहान मोटारींत तेलाच्या पंपाची जागा विजेच्या मोटरने घेतली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींत चालकाच्या खोलीला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. म्हणजे ज्या चालकाच्या खांद्यांवर ही वाहतूक अर्धशतक चालली, त्याच्या शरीराचा विचार कायद्याच्या पुस्तकातही शिरला आहे. हे उशिरा झाले, पण झाले.

तरीही जुन्या लॉऱ्या संपलेल्या नाहीत, आणि त्यांची दुखणी ओळखणाऱ्या हातांची गरजही संपलेली नाही. गॅरेजच्या दारात उभा राहून ‘स्टेरिंग जड झाले आहे’ असे सांगणारा चालक त्याच रात्री पुन्हा रस्त्याला लागणार असतो. त्याच्यापुढे घाट असतो, मागे दहा टन माल असतो आणि समोरून येणाऱ्या गाडीत कोणाची तरी मुलेबाळे असतात. मेस्त्री टाकीचे झाकण उघडून, पट्टा दाबून, चाक उचलून सावकाश एकेक गोष्ट पाहतो, तेव्हा तो वेळ दवडीत नसतो. तो त्या सर्वांची वाट सुरक्षित करीत असतो.